तोंड कुणीकडं?

खो-खोत आठ जणी एका रांगेत बसतात आणि नववी पळते. बसणाऱ्यांची तोंडं एकीआड एक उलट असतात. पहिलीचं उगवतीकडं, तर दुसरीचं मावळतीकडं. पळणारी मागून येते, बसलेलीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते, ती उठून पळते आणि खो देणारी तिच्या जागेवर बसते. ज्या बाजूला तिचं तोंड होतं, त्याच बाजूला तोंड करून. नियम एवढाच आहे. पाचवीत आलेल्या पोरींना मी तो पहिल्या दिवशी शिकवते, जमिनीवर फक्कीनं रेघा मारून. दुसऱ्या दिवशी निम्म्या जणी चुकतात. आठवड्यानंतर कुणी चुकत नाही.

येडशीच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या शाळेत मी बारा-तेरा वर्षं खेळ शिकवते. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. पोरी आपसात म्हणतात, मॅडमच्या गळ्यात शिट्टी शोभेला आहे, त्यांना तिची गरज नाही. खरं आहे ते. आवाजाच्या जोरावर मी बऱ्याच पोरी घडवल्या, असं मला वाटायचं. आता कसं वाटतं ते सांगता येत नाही. काही वाटायचं कमीच झालंय.

ही गोष्ट त्यातल्या एकीची. नववीत होती. अंगानं किरकोळ, पाय लांब, बोलणं कमी. घरी थोडी शेती आणि शेरडं-मेंढरं, बाप कळप घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, घरात आई आणि ही. पाचवीपासून माझ्या हाताखाली. रांगेच्या दोन्ही टोकांना लाकडी खांब असतात. पळता पळता एका हातानं खांब धरून अंग पुढं झोकून द्यायचं आणि पलीकडं पळणाऱ्या गड्याला बोट लावायचं, याला आम्ही खांब घेणं म्हणतो. हिच्यासारखा खांब घेणारी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. मी नुसतं ‘खांब घे’ म्हणायचा अवकाश, की हिचं अंग हवेत.

जिल्ह्याच्या स्पर्धा त्या वर्षी नवरात्रात आल्या. सामना चौथ्या माळेला, धाराशिवला. पोरगीचे नऊ दिवसांचे उपास होते, शिवाय अनवाणी. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, देवी काय तुझ्या बुटात डोकावून बघती व्हय?’’ ती हसली आणि बूट पिशवीतच ठेवले. मी स्वतः उपास करत नाही, पण उपासाचं खायला मागं नसते. सकाळी मैदानाकडेच्या लिंबाखाली तिनं डबा उघडला. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तिनं खाल्ली, तिच्या बरोबरीच्या दोघींनी खाल्ली, मी पण दोन घास जास्तच खाल्ले. आमटी झकास होती. हा डबा लक्षात ठेवा.

सामना सुरू झाला. पहिल्या डावात आम्ही पाठलागावर होतो. समोरच्या शाळेची एक पोरगी काही केल्या सापडेना, खांबाभोवती घिरट्या घालून आमच्या पोरींना दमवत होती. हिला खो मिळाला. दोन ढांगांत खांबापाशी पोचली, अंग झोकलं, बोट लागलं, गडी बाद. पण हात खांबावरून निसटला आणि डोकं खांबावर आपटलं. देवळात नारळ पहिल्या फटक्याला फुटला नाही की जसा आवाज येतो, तसा आवाज आला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण गडी बाद झाला होता.

ती आपली आपणच उठली. मी रेषेबाहेरून बघितलं ते एकच: रक्त आहे का. नव्हतं. आमच्याकडं लागलं म्हणजे रक्त आलं. रक्त नाही तर लागलं नाही. मी हातानं खूण केली, चालू दे.

तिनं जवळच्या पोरीला खो दिला आणि तिच्या जागी बसली. उलट्या तोंडानं बसली. डावीकडची उगवतीकडं, उजवीकडची उगवतीकडं आणि मधली ही पण उगवतीकडं. पंचांनी शिट्टी वाजवली. मैदानावर हसू फुटलं. आणि मी ओरडले. रस्त्यावरच्या टपरीवर ऐकू जावं असं ओरडले.

‘‘तोंड कुणीकडं गं? तोंड कुणीकडं? पाचवीतल्या पोरीला कळतंय!’’

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली जमिनीकडं बघितलं. मग हळूच सरकून वळली. चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. मला वाटलं, कोडगी झाली.

डाव संपल्यावर ती भिंतीच्या सावलीला जाऊन बसली. मी ग्लुकोजचं पाणी दिलं. ती डोळे बारीक करून म्हणाली, ‘‘मॅडम, ऊन लई चमकायलंय.’’

‘‘पोटात अन्न नसल्यावर ऊन चमकणारच. आणि कर उपास.’’

‘‘आता आपण बसायचं का पळायचं?’’

‘‘पळायचं.’’

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, ‘‘मॅडम, आता आपण बसायचं का पळायचं?’’ मी म्हटलं, कान कुठं आहेत तुझे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तरी मला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. माझ्या डोक्यात गुणफलक होता.

शेवटच्या डावात आम्ही पुन्हा पाठलागावर. एक गडी बाद झाला की सामना आमचा, आणि वेळ संपत आलेली. हिच्याकडं खो आला. ती पळाली, पण पाय जड पडत होते. मी ओरडले, ‘‘खांब घे!’’ तिनं घेतला. माझ्या आवाजावर तिचं अंग उठायचं, ते त्याही वेळी उठलं. या खेपेला खांद्यावर आणि कानामागं लागलं. गडी बाद झाला. आम्ही जिंकलो. पोरींनी तिला उचलून घेतलं, तेव्हा तिची मान एका बाजूला कलली होती. मी ते पाहिलं. पाहिलं असं आता लिहितेय, तेव्हा मी नाचत होते.

परतीच्या जीपमध्ये तिला तीनदा उलटी झाली. पहिल्या उलटीलाच कुणीतरी म्हणालं, ‘‘भगर बाधली.’’ आमच्या भागात हे सगळ्यांच्या तोंडावर असतं. दर नवरात्रात कुठल्या ना कुठल्या गावात भगर खाऊन माणसं दवाखान्यात जातात, पेपरात बातमी येते, दुकानदारांची झडती होते. उपासाच्या दिवसांत उलटी म्हणजे भगर. दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. जीप मी गावातल्या डॉक्टरांकडं वळवली. त्यांच्याकडं आधीच दोन बायका सलाईन लावून पडल्या होत्या. डॉक्टरांनी हिच्याकडं बघून विचारलं, ‘‘उपास आहे? भगर खाल्ली?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

त्याच डब्यातली भगर माझ्या पोटात होती. इतर दोघींच्याही पोटात होती. त्या दोघी बाहेर जीपमध्ये गाणी म्हणत होत्या. हे मला तेव्हा दिसत होतं, सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. आणि खांब? खांबही आठवला. पण डॉक्टरांनी खांबाचं विचारलं नव्हतं. त्यांनी भगरीचं विचारलं, मी भगरीचं उत्तर दिलं. सलाईन लागलं, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि मी पोरीला घरी सोडून आले.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. पोरगी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओढणी टाकून पडलेली. कुणी भांडं आपटलं तरी अंग चोरायची. तिच्या आईनं घरातली भगर उकिरड्यावर नेऊन टाकली होती, डबा घासून उन्हात पालथा घातला होता. घटाला माळ घालायचं कामही शेजारणीकडं दिलं होतं.

‘‘माझ्याच हातनं कायतरी चुकलं, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘देवीच्या दिसात पोरीच्या पोटात म्या ईख घातलं. निवडून घेतली व्हती वो भगर, दोनदा धुतली व्हती. शेजारपाजारच्या बाया इच्यारत्यात, तर तोंड दाखवू वाटंना.’’

मी चहा प्यायले. कप खाली ठेवला. ‘‘काळजी घ्या,’’ म्हणाले आणि निघाले. रस्त्यानं चालताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पाय बधिर झाल्यावर आपलेच पाय आपण दुसऱ्याचे असल्यासारखे उचलत चालतो, तसं काहीतरी झालं होतं, आणि ते पायांचं नव्हतं.

सातव्या माळेला ती शाळेत आली. दसऱ्यानंतर विभागाचा सामना होता, सराव चालू होता. ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. मला जवळ बोलावून म्हणाली, ‘‘मॅडम, पोरी म्हणत्यात शेवटचा गडी म्या बाद केला. खरं हाय का?’’

‘‘म्हणजे? तुला आठवत नाही?’’

‘‘डबा खाल्ल्याला आठवतंय. मग दवाखान्यातली सलाईनची बाटली आठवती. मधलं न्हाय.’’

मी तिला म्हटलं, ‘‘जा, रांगेत बस जरा.’’ पळायला लावलं नाही, नुसतं बस म्हटलं. ती गेली. रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. डावीकडच्या पोरीकडं बघितलं, उजवीकडच्या पोरीकडं बघितलं आणि मग बसली. बरोबर बसली. पण बघून बसली.

हे बघणं बाहेरच्या कुणाला दिसलं नसतं. आईला नाही, डॉक्टरला नाही. पाच वर्षं रोज त्या रांगेत बसणारी पोरगी शेजारणीकडं बघून बसत नाही; आपण तोंडात घास घालताना बघतो का, तोंड कुठाय म्हणून. ते मला एकटीला कळण्यासारखं होतं. चौथ्या माळेलाही ते मला एकटीला कळण्यासारखं होतं आणि तेव्हा मी त्याच्यावर ओरडले होते. मी तिला उठवलं, हाताला धरून बाहेर आणलं आणि सावलीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन एसटीनं धाराशिवला गेले, मेंदूच्या डॉक्टरकडं. आईला सांगितलं होतं, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवू. एसटीत तिला खरं सांगायचं असं ठरवलं होतं. एसटीत बोलले नाही. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती, खिडकीला मी माझी ओढणी लावली होती.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी आधी डोळ्यांत बॅटरी टाकली. मग आईला विचारलं, ‘‘डोक्याला कुठं मार लागला होता का?’’

‘‘न्हाय, डॉक्टरबाई. भगर बाधली तिला.’’

खोलीत पंखा फिरत होता. मी सांगितलं. पहिला खांब सांगितला, आवाज कसा आला ते सांगितलं. उलट्या तोंडानं बसली ते, दोनदा तेच विचारलं ते, दुसरा खांब मीच घ्यायला लावला ते. डब्यातली भगर मी पण खाल्ली आणि मला काही झालं नाही, हेही सांगितलं. हजेरी घेताना जसा आवाज असतो तशा आवाजात मी हे सगळं सांगितलं. आईकडं बघितलं नाही.

डॉक्टरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, ‘‘मेंदू हलतो आतल्या आत. रक्त येत नाही, कित्येकदा शुद्धही जात नाही. माणूस उठतं, चालतं, बोलतं, फक्त जरा वेगळं वागतं. जो रोज बघतो त्यालाच ते कळतं. त्या वेळी तिला बाहेर बसवायचं, आणि त्या दिवशी परत खेळवायचंच नाही. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेततं. हिच्या जिवावर बेतलं नाही.’’ डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘फोटोवर जाऊ नका. असल्या माराचा फोटोत पत्ता लागत नाही.’’

बाहेर बाकड्यावर आल्यावर आई माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ती बोलेल. मी तयार होते. हात उगारला असता तरी चाललं असतं.

‘‘मंजी,’’ ती म्हणाली, ‘‘भगर चांगली व्हती?’’

‘‘व्हय. भगर चांगली होती.’’

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली, ती तिनं घेतली.

पुढचं प्रकरण शाळेतलं. विभागाच्या सामन्याला ती नसेल असं मी सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मॅडम, फोटोत काही निघालं नाही ना? पोरगी खेळते म्हणते. तुम्हीच का अडून बसलाय?’’ पोरगी खरंच खेळते म्हणत होती. बापाचा कुठून तरी फोन आला होता, पुढं भरतीला खेळाचं सर्टिफिकेट लागतं म्हणून. एक दिवस असा होता की मी हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, आणि हो म्हणायला मला किती सोपं जातं हे मला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. ‘‘मग लेखी द्या,’’ सर म्हणाले. मी लिहून दिलं: कधी आपटली, मी काय पाहिलं, काय पाहूनही खेळवलं. सरांनी कागद दोनदा वाचला. ‘‘कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?’’ म्हणाले, पण कागद ठेवून घेतला.

लातूरला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पोरी रडल्या. मी त्यांना केळी वाटली.

पोरगीचं डोकं सावकाश निवळलं. आधी काही दिवस नुसतं पडून राहणं, मोबाइल नाही, टीव्ही नाही. मग घरातल्या घरात. मग सकाळी उन्हाच्या आत माझ्याबरोबर स्टेशनच्या रस्त्यानं चालणं. चालून डोकं दुखलं नाही तर पुढच्या टप्प्यावर हळू पळणं. दुखलं की पुन्हा मागं, चालण्यावर. दोनदा आम्ही मागं आलो. धडा वाचायला बसली की दुसऱ्या पानावर अक्षरं हलायची. बारीकसारीक गोष्टीवरून चिडायची, मग चिडल्याबद्दल रडायची. एकदा चालता चालता म्हणाली, ‘‘मॅडम, मला काय वाटतच न्हाय आजकाल. दसरा बी वाटला न्हाय.’’ मी म्हटलं, ‘‘मला पण नाही.’’ तिनं माझ्याकडं चमकून बघितलं. मॅडमलाही असं होतं हे तिला पटलं नसावं.

आता माझ्या मैदानावर कुणीही डोक्यावर पडली की ती त्या दिवशी बाहेर, मग सामना कसलाही असो. तिला सावलीत बसवून मी विचारते: डब्यात काय होतं, कुणाबरोबर खेळतोय, आता बसायचं का पळायचं. आणि शेवटी, रांगेतल्या एका जागेकडं बोट करून, तिथं बसलीस तर तोंड कुणीकडं? पोरी माझी नक्कल करतात. ठेच लागली तरी एकमेकींना विचारतात, तोंड कुणीकडं गं, आणि खिदळतात. खिदळू देत.

संक्रांत झाल्यावर डॉक्टरांनी तिला रांगेत बसायची परवानगी दिली. खांब अजून नाही, नुसता खो. त्या दिवशी मी तिला आधी कडेला घेतलं. तिला सगळं माहीत झालं होतं, तेवढी एक गोष्ट सोडून. ती मी डॉक्टरांपुढंही सांगितली नव्हती, पोरींनीही तिला सांगितली नव्हती. मी सांगितलं, ‘‘त्या दिवशी आपटल्यावर तू उलट्या तोंडानं बसली होतीस. आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. तुला लागलं होतं आणि मी ओरडले.’’

ती जरा वेळ आठवायचा प्रयत्न करत राहिली. कपाळाला आठी घालून, गणित आठवावं तशी. मग मान हलवली.

‘‘मला न्हाय आठवत, मॅडम. पर तुमी वरडला असाल तर माझंच चुकलं असंल की.’’

एवढं बोलून ती गेली आणि रिकाम्या जागेवर बसली, कुणाकडं न बघता, बरोबर मावळतीकडं तोंड करून. सगळ्या पोरी माझ्या शिट्टीची वाट बघत होत्या. मी शिट्टी तोंडात धरली. फुंकर बाहेर यायला बराच वेळ लागला.